मे महिन्यातला रेस ट्रॅक

वहिनी, तुझ्या तेराव्याला घर भरून माणसं आली, पोटभर जेवली, आणि जाताना एकजात सगळी एकच बोलली. "भाग्याची हो. अहेव गेली. कुंकवासकट गेली." मी दारात उभी राहून मान हलवत होते आणि आतून नुसती पेटले होते. चाळिशीसुद्धा गाठली नाहीस तू. ह्याला भाग्य म्हणतात? मग घ्या की बायांनो थोडं थोडं वाटून, आम्हाला नको. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू चपला शोधता शोधता म्हणाल्या, "आणि हौस म्हणून काही राहिली नाही हो तिची. ते मोटारींच्या शर्यतींचं मैदानसुद्धा बघून आली मद्रासला." दादा शेजारीच उभा होता. इतके दिवस खाली घातलेली मान त्याने वर केली आणि म्हणाला, "हो. ते झालं तिचं. तेवढं मात्र झालं."

मी तोंड उघडलं होतं. तुला माझं तोंड माहीत आहे. पण दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटून घेतलं.

झालं का गं ते तुझं? मे महिन्यापासून आपण दोघी ह्याच एका गोष्टीवर भांडत होतो. तू म्हणायचीस, ट्रॅक पाहिला. मी म्हणायचे, कप्पाळ पाहिलंस. आणि भांडण अर्ध्यात टाकून तू उठून गेलीस. असं करतात का? मला आता भांडायला कोण आहे ह्या घरात? आईला ऐकू येत नाही आणि दादाला सहन होत नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आईच्या धाकाने मला 'वन्सं' म्हणायचीस, अहोजाहो करून. मी तुझ्याहून एका वर्षाने मोठी, तेवढ्यावरून. एक दिवस मी तुला मोरीपाशी गाठलं आणि म्हटलं, "ए बाई, मला कुंदा म्हण. नाहीतर मी तुला मावशी म्हणायला लागेन." तेव्हापासून आईसमोर 'वन्सं, वाढू का' आणि आई देवापुढे बसली की 'कुंदे, सरक तिकडे, ताट ठेवू दे'. माझं लग्न जमलं नाही, तुम्हाला मूल झालं नाही. लोकांच्या दृष्टीने आपण दोघी बिचाऱ्या. आपण मात्र दुपारभर खिदळत असायचो. मी शाळेतून आले की तुझं शिवणाचं मशीन थांबायचं, चहा व्हायचा, आणि मग जगातल्या कुठल्याही विषयावर वाद. तुझ्यासारखी वाद घालणारी मला शाळेच्या स्टाफरूममध्येही भेटली नाही. तिथे सगळ्या मिळमिळीत.

आणि ते तुझं खूळ. मोटारींचं. तुझं माहेर जुहूला, विमानतळाच्या कुंपणाला लागून सरकारी क्वार्टर्स. तू लहान असताना त्या धावपट्टीवर कधीमधी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिकीट काढून आत जायची ऐपत नव्हती, म्हणून तुझे बाबा तुला घेऊन बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर चढायचे. वरून अर्धी पट्टी दिसायची. अर्धी विमानांच्या शेडमागे. गाडी धुरळा उडवत यायची, वळायची आणि शेडच्या मागे गडप. मग नुसता आवाज. मग एकदम दुसऱ्या बाजूने बाहेर. कधी जी मागे होती ती पुढे झालेली असायची, आणि ती कशी पुढे झाली ते तुला कधीच दिसायचं नाही. तू बाबांना विचारायचीस, "मागे काय झालं?" बाबा म्हणायचे, "मला काय माहीत? मीही तुझ्याच टाकीवर बसलोय."

हे तू मला किती वेळा सांगितलं असशील! सांगताना तुझे हात बघायला हवे होते. उजवा हात गाडी, डावा हात शेड. "कुंदे, मला एकदाच, एकच गाडी निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळी बघायची आहे. मध्ये काही आड न येता." दुसऱ्या बायका सोन्याच्या पाटल्या मागतात. हिला काय हवं, तर मोटारीची एक अख्खी फेरी. पुढे जुहूच्या त्या शर्यती बंदच झाल्या. तुझे बाबा गेले. तू लग्न करून तिथून हाकेच्या अंतरावर, अंधेरीला आमच्याकडे आलीस. संध्याकाळी गच्चीत कपडे काढताना तिकडे एखादं छोटं विमान उतरायचं, की तू हातातली चादर तशीच धरून त्या दिशेला बघत राहायचीस. आई खालून ओरडायची, "सूनबाई, विमानाने आलंय का कोणी तुमच्याकडे?"

मद्रासजवळ शोलावरमला जुन्या लढाईतल्या धावपट्टीवर अजून शर्यती होतात, हे तू कुठल्याशा मासिकात वाचलंस. झालं! त्या दिवसापासून दादाच्या मागे भुणभुण. दादा कसा आहे माहीत आहे ना, नाही म्हणत नाही आणि करतही नाही. पण गेल्या वर्षी ऑफिसकडून त्याला प्रवासाची सवलत मिळाली, आणि त्याने खरंच मनावर घेतलं. सरळ दक्षिण भारतच काढला. आईसाठी मीनाक्षी, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि शेवटी मद्रासच्या मुक्कामात तुझं शोलावरम. रात्रीच्या जेवणाला त्याने आम्हाला सगळा कार्यक्रम वाचून दाखवला. शोलावरम आल्यावर जरासा थांबला आणि तुझ्याकडे बघितलं. तू पानातलं मीठ सारखं करत होतीस. तुझे कान लाल झाले होते, मी बघितलं.

आणि जायचं कधी? मे महिन्यात. दुसरं कधी जाणार? माझी शाळा मेमध्ये बंद, दादाची मार्चची गडबड उरकलेली, आईचे गुडघे थंडीत धरतात. आमच्यासारख्यांच्या घरात प्रवास म्हटला की मे, त्यात विचार करायचं काही नसतंच. मीनाक्षी बारा महिने जागेवर, समुद्र बारा महिने जागेवर, तर ट्रॅक कुठे जातोय? दादाला सुचलं नाही, मला सुचलं नाही. पण वहिनी, तुला तरी? तुला गाड्यांची नावं पाठ, आणि शर्यतींना मोसम असतो हे कळू नये? त्यावर तू काय म्हणाली होतीस आठवतं? "जुहूला कधीही व्हायच्या गं. मला वाटलं, तिथे रोजच असतील. मोठी जागा आहे."

रोजच असतील! डोक्यावर पडली होतीस तू.

त्या दिवशी सकाळी लॉजमध्ये आई म्हणाली, "आज कांचीपुरम ना?" दादा म्हणाला, "आपण दोघं कांचीपुरमला. ह्या दोघी शोलावरमला." आईने कानामागे हात धरला. "तिथे कुठला देव?" मी म्हटलं, "मोटारींचा, आई." आईने नमस्कार केला आणि म्हणाली, "नारळ घेऊन जा." तू पदर तोंडाला लावून खोलीबाहेर पळालीस.

टॅक्सीत तू खिडकीशी बसलीस. नेसलीस कोणती साडी, तर ती मोरपंखी, लग्नकार्यात नेसायची. ऊन असं की सीटला हात लावता येईना. शहर संपलं, भाताची रिकामी खाचरं लागली, आणि तू मला शिकवायला लागलीस. सुरुवातीला बाकी गाड्यांकडे बघू नकोस, एकच गाडी धर. नजर हलवू नकोस. वळणावर गाडी हळू होते, तेव्हा कोण आत घुसतं ते बघ. आणि वास घे. रेसच्या गाडीच्या तेलाला एरंडेलाचा वास येतो, जळक्या एरंडेलाचा. मी म्हटलं, "शी! लहानपणी नाक दाबून प्यायलेलं पुरे नाही का झालं?"

मग टॅक्सी थांबली. फाटक म्हणजे एक आडवा बांबू. आत लांबच लांब सिमेंटची पट्टी, भेगाभेगांतून वाळकं गवत, आणि त्या पट्टीवर दहा-बारा शेळ्या. एका बाजूला कोणी तरी मिरच्या वाळत घातलेल्या. जुन्या टायरांची एक चवड. बाकी कोणी म्हणजे कोणी नाही. झाडाखालून एक लुंगीवाला राखणदार उठून आला. आपल्याला बघून तो बिचारा घाबरलाच. दोन बायका, एक मोरपंखी साडीत, भर दुपारच्या उन्हात. तू विचारलंस, "रेस? रेस व्हेअर?" त्याने दोन्ही हात पसरले. "नो रेस, अम्मा. फेब्रुवरी. फेब्रुवरी कम."

मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा मला विसरता येत नाही. रडवेला नव्हता, चिडलेला नव्हता. शाळेत मूल बक्षीस घ्यायला स्टेजवर येतं आणि मग कळतं की नाव दुसऱ्याचंच पुकारलं होतं, तसा झाला होता. आणि मला काय व्हावं? मला हसू फुटलं. इतकं फुटलं की मी टायरांवर बसले. "वहिनी! मुंबईहून मद्रासला आलो गं शेळ्या बघायला! आरे कॉलनीच्या बाजूला गेलो असतो तर पोचलो असतो तासाभरात!" तूही हसलीस. पण जरा उशिरा हसलीस.

मग तू काय केलंस? तू राखणदाराला नमस्कार केलास, बांबूखालून वाकून आत गेलीस आणि चालायला लागलीस. मी ओरडत होते, ऊन लागेल, फिट येईल, परत ये. तू आपली छत्री धरून पट्टीच्या मधोमध, झपझप. पुढे एका ठिकाणी जमिनीवर फिकट पांढरी रेघ होती. तिथे जाऊन उभी राहिलीस, चप्पल काढून कडेला ठेवलीस, चटका बसल्यावर नाचत परत घातलीस. आणि म्हणालीस, "कुंदे, तो पंचा हलव."

"कसला पंचा?"

"तुझ्या खांद्यावरचा. घाम पुसतेयस तो. झेंडा समज. हलव की!"

मी हलवला. काय करणार? आणि तू पळालीस गं. छत्री टाकून, निऱ्या मुठीत धरून, तोंडाने घर्र घर्र करत थेट शेळ्यांच्या दिशेने पळालीस. शेळ्या सैरावैरा. राखणदार टाळ्या वाजवायला लागला. आमचा टॅक्सीवाला बोनेटवर चढून बसला. वळणाशी तू खरंच हळू झालीस आणि अंग एका बाजूला कलतं केलंस, आणि पुन्हा सुटलीस. सगळी फेरी नाहीच जमली. मैलाच्या वर असेल ती. मध्येच कुठे तरी कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि आडव्या वाटेने धापा टाकत परत आलीस. केस सुटलेले, कुंकू ओघळलेलं. इतकी सुंदर मी तुला कधी पाहिली नव्हती. हे मी तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी म्हटलं, "पाणी पी, येडे."

परत जाताना टॅक्सीत तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "पाहिला हं शेवटी."

"काय पाहिलंस?"

"ट्रॅक."

"सिमेंट पाहिलंस. सिमेंट आपल्या गच्चीतही आहे."

इथून ते सुरू झालं. मुंबईला येईपर्यंत गाडीत दादा झोपला की तेच. घरी आल्यावर तेच. पोळ्या लाटताना तू म्हणायचीस, "देवळात उत्सव नसला तर दर्शन होत नाही का?" मी म्हणायचे, "अगं पण देव असतो ना आत! तुझ्या देवळात गाभाराच रिकामा." तू म्हणायचीस, "मी त्या रेघेवर उभी राहिले. शर्यत बघणाऱ्या हजार लोकांतल्या एकाला तरी तिथे उभं राहायला मिळतं का?" मी म्हणायचे, "तुला उभं राहायचं नव्हतं. तुला फेरी बघायची होती. एक अख्खी. विषय बदलू नकोस." मग तू लाटणं उगारायचीस. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना मध्ये घेतलंस, माझ्या स्टाफरूममधल्या बाईंना मध्ये घेतलंस. दादासमोर मात्र हा विषय काढायचा नाही असं तू मला बजावलं होतंस. त्याने विचारलं तर तुझं ठरलेलं, "अहो झकास! सगळं बघून झालं." तो खूष. पुढे ऑफिसात सांगायचा म्हणे, आमच्या हिची मोठी हौस होती, पुरवली.

दिवाळीनंतर एकदा तू पोहे निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कुंदे, फेब्रुवारीत रजा मिळेल तुला?"

मी म्हटलं, "कशाला? पाहिलास ना ट्रॅक?"

"मी पाहिला. तुला पटवायला नेतेय."

बदमाश. माझ्या शाळेतल्या एका बाईंची बहीण मद्रासला माम्बलमला राहते, तिला कळवलं, राहायची सोय झाली. दादाला सांगितलं की नणंद-भावजया जरा हिंडून येतो. त्याने विचारलं नाही कुठे, तू सांगितलं नाहीस. गाडीची तिकिटं काढून आणली त्या दिवशी तू सगळ्या बिल्डिंगला चिवडा वाटलास आणि कारण कोणालाच सांगितलं नाहीस.

आणि मग कावीळ. साधी कावीळ, लोकांना होते आणि जाते. उसाचा रस झाला, मुळ्याचा पाला झाला, बिनतेलाचं जेवण झालं. तू चिडचिड करत होतीस, तेव्हा आम्हाला वाटलं, बरी होतेय. मग एका सकाळी तू मला 'वन्सं' म्हणालीस. आई तिथे नव्हती. मी आणि तू दोघीच होतो, आणि तू मला म्हणालीस, "वन्सं, वाढू का?" मला कळलं वाट लागली. त्या दिवशी तुला हॉस्पिटलात हलवलं.

तिथे एका दुपारी तू पुन्हा शुद्धीवर आलीस. पुरती शुद्धीवर. डोळे पिवळे धमक, पण बघणं तुझं. दादा औषधं आणायला खाली गेला होता. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "कुंदे. तू बरोबर होतीस."

"कशाबद्दल?"

"नाही पाहिला मी. रिकामा होता."

काय करायचं होतं मी, सांग ना? इतके महिने हेच ऐकायला मी जीव टाकत होते. जिंकले होते मी. आणि माझ्या तोंडून काय निघालं, "असं काय बोलतेस? पाहिलास की! रेघेवर उभी राहिलीस, पळालीस. हजारांतल्या एकाला मिळतं." तुझंच सगळं तुला परत देत सुटले. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "शेडमागेच राहिलं बघ ते." एवढंच. तू गेलीस तेव्हा संक्रांतीला दोन दिवस होते. तू वाणाला आणलेल्या डब्या अजून कपाटात आहेत, आई हात लावू देत नाही.

मी फेब्रुवारीत जायला निघाले, तेव्हा घरात मोठा तमाशा झाला. आई म्हणाली, "वर्ष व्हायचंय, आणि तू शर्यती बघायला चाललीस? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतात ती भाग्यवान होती. म्हणू देत आणखी." मला फार वाईट बोलायचं होतं, थोडंच बोलले. दादा दारात उभा होता. मला वाटलं तोही अडवणार. तो म्हणाला, "जाऊ दे तिला. ती जागा बघून येईल. तिची जागा आहे ती." आणि माझी पिशवी उचलून रिक्षापर्यंत आला.

तुझी जागा मोकळी ठेवून गेले मी गाडीत. एका माणसाने विचारलं, "कोणी आहे का इथे?" मी म्हटलं, "आहे." तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी मलाच लाज वाटली आणि बसा म्हटलं.

शोलावरम ओळखू आलं नाही. माणसंच माणसं. ताकाचे गाडे, शेंगदाणे, कागदी टोप्या, पोराबाळांसकट डबे घेऊन आलेली कुटुंबं. शेळ्यांचा पत्ता नाही. माम्बलमच्या त्या बाईंनी माझ्या सोबतीला त्यांच्या भावाला दिलं होतं, तो भला माणूस मला मचाणावर सगळ्यात वर घेऊन गेला. सगळं सपाट. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळणं, टायर, सगळं उघडं. कुठे शेड नाही, झाड नाही. काही म्हणजे काही आड नव्हतं.

झेंडा पडला आणि आवाज आला. आवाज नव्हे गं तो. पोटात हात घालून कोणी तरी हलवावं तसं झालं. मी कठडा धरला. तू सांगितलं होतंस म्हणून एक गाडी धरली, लाल, मागून तिसरी. नजर हलवली नाही. पहिल्या वळणाला ती हळू झाली, तशी सगळीच झाली, आणि ही आत घुसली. दोन गाड्यांच्या मधून, एवढ्याशा फटीतून. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पलीकडच्या लांब पट्टीवर एवढीशी दिसत होती, पण दिसत होती. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिली, राहिली, राहिली, आणि शेवटच्या वळणाच्या तोंडाशी बाहेरून पुढे. समजतंय का तुला? कशी पुढे गेली ते मी पाहिलं. पळभरसुद्धा नजरेआड न होता. मग ती माझ्या समोरून गेली आणि मागून तो वास आला. एरंडेलाचा. जळका, कडू, अगदी तू सांगायचीस तसा. आणि मी वळून म्हटलं, "वहिनी, अगं—"

तो भला माणूस घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

पुढच्या शर्यती मी नाही बघितल्या. मचाणाखाली सावलीत जाऊन बसले. वर लोक ओरडत होते, मी खाली बसून रडत होते. मला वाटलं होतं, इथे येऊन जरा बरं वाटेल. तुझ्यासाठी बघितलं असं म्हणता येईल. पण कोणी कोणासाठी बघू शकत नाही गं. मी बघितलं ते मीच बघितलं. मला कधी नको होतं ते माझ्या पदरात पडलं, आणि जिने जन्मभर त्याचा ध्यास घेतला तिला शेळ्या आणि वाळत घातलेल्या मिरच्या. ह्याच्याहून वाईट काही असेल तर मला माहीत नाही.

घरी आले. आई आत जप करत होती. दादाने चहा केला. तो आता चहा करतो, फार वाईट करतो. बशीत बघत म्हणाला, "कसं होतं?"

"होतं. गर्दी होती."

"म्हणजे... तेच ना ते? मे महिन्यात मी पाठवलं होतं तेच?"

"तेच की."

त्याने दोनतीन वेळा कप उचलला आणि खाली ठेवला. मग म्हणाला, "कुंदे, खरं सांग. मी तिच्यासाठी फार काही केलं नाही गं. ऑफिस आणि घर, दुसरं मला काय येतं? हे एक केलं. ते तरी झालं ना तिचं? बघितलं ना तिने?"

इतकी वर्षं तू मला तोंडाळ म्हणत होतीस. माझ्या जिभेवर उत्तर तयारच होतं, मे महिन्यापासून तयार होतं.

"झालं रे दादा," मी म्हटलं. "अरे गाड्यांचं काय, नुसता आवाज, डोकं उठतं. त्यात बघण्यासारखं काही नाही. बघायचा असतो तो ट्रॅक, तो तिने आत शिरून, चालून बघितला. मला तर ह्या खेपेला फाटकाच्या आतसुद्धा सोडलं नाही. तिने जे बघितलं ते मलाही बघायला मिळालं नाही."

दादाचा सगळा चेहरा सैल पडला. "असं?" म्हणाला. बिस्कीट बुडवून खाल्लं. मग दुसरं मागितलं. तू गेल्यापासून त्याने काही मागून खाल्लं नव्हतं.

तेव्हा आता ह्या घरात ठरलं, तुझं झालं. वर्षश्राद्धाला लोक येतील आणि म्हणतील, तिची हौस राहिली नाही, आणि मी मान हलवेन. दादा आहे तोवर हलवत राहीन. आपला वाद मी सगळ्यांदेखत हरले, वहिनी, आणि खरं काय ते जिला एकीला सांगता आलं असतं ती तूच नाहीस. तरी सांगते. तू नाही पाहिलंस. गाडी निघते तेव्हापासून परत येते तोपर्यंत तिथे जे असतं, त्यातलं तू काहीच नाही पाहिलंस गं.